विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ

सावंतवाडीजवळच्या आमच्या घरची विहीर जांभ्या चिऱ्याची आहे. चिऱ्यांच्या सांध्यांत चुना आणि सिमेंट भरलंय, आणि त्या सांध्यांवर जेमतेम सेंटीमीटरभर उंचीचं मॉस शेवाळ दाट वाढतं. त्याचं शास्त्रीय नाव हायोफिला इन्व्होल्यूटा. जगभरच्या उष्ण प्रदेशांत ही जात सापडते. चुन्याचा अंश असलेला दगड, गिलावा, काँक्रीट तिला मानवतं, म्हणून ती माणसांच्या वस्तीला धरून राहते. मी जीवशास्त्र शिकवते. पण या शेवाळाकडे मी खरी पाहू लागले ती मे महिन्यातल्या एका दुपारी.

कठडा हात टेकवत नाही इतका तापला होता. शेवाळ काळपट तपकिरी, कुरकुरीत, मेल्यासारखं. चिमूटभर उचलून भिंगाखाली धरलं आणि ड्रॉपरनं पाणी सोडलं. प्रत्येक पानाच्या दोन्ही कडा आत वळून नळीसारख्या झाल्या होत्या. बघता बघता त्या सुटल्या, पानं पसरली आणि आतला हिरवा रंग वर आला. मी श्वास रोखून पाहत होते.

या झाडाला मुळं नसतात. तळाशी जे मूलाभ असतात ते फक्त दगडाला धरून ठेवतात. पाणी पानाच्या सगळ्या अंगानं आत येतं, आणि मधली शीर सोडली तर पान एकाच पेशीच्या जाडीचं असल्यामुळे तितक्याच वेगानं निघूनही जातं. बाकीची झाडं पाणी राखायला धडपडतात. हे ते जाऊ देतं, जगण्याचं सगळं काम थांबवतं आणि पावसाची वाट पाहतं.

पण पुन्हा जागं होणं फुकट नसतं. अशा शेवाळांच्या पेशींची आवरणं भिजल्यावर थोडा वेळ गळकी असतात. ती दुरुस्त करण्यात साठवलेली शक्ती खर्च होते, श्वसन वाढतं, आणि प्रकाशसंश्लेषणानं ती भरपाई व्हायला वेळ लागतो. त्याआधीच ऊन पडून शेवाळ वाळलं तर नुसता खर्चच पदरी पडतो. हे कळल्यापासून मे महिन्यातली वळवाची सर अर्ध्या तासात थांबली की माझं लक्ष कठड्याकडे जातं. आम्ही सुखावतो तेव्हा तिथे कदाचित तूट पडत असते. खरी कमाई जून ते सप्टेंबरची, दिवसचे दिवस ओल टिकते तेव्हाची.

रात्रीही मोजाव्या लागतात. सखल उष्ण भागात रात्र ऊबदार आणि दमट असली की शेवाळ श्वसनात शक्ती जाळत राहतं आणि दिवसाची कमाई कमी पडते. अशा भागांत झाडांवर शेवाळ कमी का, याचं वनस्पतिशास्त्रज्ञ देत असलेलं हे एक महत्त्वाचं कारण. सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या आंबोलीला चढून गेलं की गार धुक्यात फांद्याफांद्यांवर शेवाळाचे पुंजके दिसतात. तिथे माझ्या कठड्यावरच्या हायोफिलाबद्दलचा आदर आणखी वाढतो. खाली, कोकणातल्या उकाड्यात ती तगून आहे.

हिची नर आणि मादी रोपं वेगळी असतात. शुक्रपेशीला मादीपर्यंत पाण्यातून पोहत जावं लागतं, आणि बीजाणूंची बोंडं मला आमच्या कठड्यावर क्वचितच दिसली आहेत. तिचा भरवसा दुसऱ्याच गोष्टीवर आहे. श्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पानांच्या बगलेत चांदणीच्या आकाराचे बारीक तपकिरी कण दिसले. ते अनेक पेशींचे असतात, पावसानं निसटून दुसरीकडे पडतात आणि त्यांतून नवं रोप उभं राहतं.

त्याच दिवशी ओला पुंजका पिळून त्यातलं पाणी काचपट्टीवर घेतलं. रोटिफर होते, एक कोळीकीटक होता, आणि आठ आखूड पायांनी डुलत चालणारं एक जलअस्वल होतं. शेवाळ वाळतं तेव्हा तेही अंग आक्रसून वाळतं आणि पाणी मिळालं की पुन्हा चालू लागतं. माझ्या विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकापासून हलेनात.

शेजारच्या काकी दर पावसाळ्यात सांगतात, “गो बाय, ता खरवडून काढ, कोणाचो तरी पाय घसारतलो.” पायऱ्यांपुरतं त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. त्या मी काथ्यानं घासून घेते. कठड्याला मात्र हात लावू देत नाही. वाऱ्यानं आलेली धूळ, पालापाचोळ्याचा चुरा त्या शेवाळात अडकतो आणि उघड्या दगडावर बोटभर का होईना, माती तयार होते. बेगोनियाची गुलाबी फुलं आणि लहान नेचे तिथेच रुजतात. कठडा खरवडला तर ही सगळी वस्ती जाईल. गवंड्यानं मध्यंतरी गिलावा करून वॉटरप्रूफ रंग मारायचं सुचवलं, तेव्हा मी स्पष्ट नकार दिला.

पिंपळाचं रोप तेवढं दिसल्याबरोबर उपटते. तेही याच मातीत रुजतं, पण त्याचं मूळ सांध्यात शिरून चिरे फोडतं. शेवाळाचे मूलाभ वरच्या वर धरून राहतात.