परक्या शेतातलं धान्य

इंग्लंडच्या हिवाळ्यात झाडं उघडीबोडकी होतात तेव्हा परसात एक पक्षी धिटाईनं येतो. चिमणीएवढा, गुबगुबीत, छातीवर नारिंगी-तांबूस रंग. माळी माती उकरत असला की त्याच्या फावड्यापाशी येऊन किडे टिपतो. हा रॉबिन. तिथल्या लोकांचा इतका लाडका, की नाताळच्या शुभेच्छापत्रांवर तो हमखास असतो. इंग्लंड सोडून जी माणसं अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली, त्यांना तिथं एक वेगळाच पक्षी दिसला. अंगानं बराच मोठा, कस्तुराच्या कुळातला. पण छाती तांबूस! त्यांनी त्यालाही रॉबिन म्हटलं. ऑस्ट्रेलियात गेलेल्यांना लाल छातीचे इवलेसे पक्षी दिसले, या दोन्हींशी नातं नसलेले. तेही रॉबिन झाले. आपल्या चिरकाच्या छातीवर तर तांबड्याचा मागमूस नाही, तो रंग आहे शेपटीच्या बुडाशी. तरी साहेबानं त्याला इंडियन रॉबिन केलं, आणि काळ्यापांढऱ्या दयाळाला मॅगपाय रॉबिन.

1964च्या ‘मेरी पॉपिन्स’ चित्रपटात लंडनमधल्या खिडकीशी अमेरिकेतला रॉबिन येतो, आणि पक्षी ओळखणारे आजही ही चूक एकमेकांना दाखवतात. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. मला मात्र त्या पहिल्या नाव ठेवणाऱ्यांचा विचार सोडवत नाही. हजारो मैलांवर, पुन्हा घर दिसेल याची शाश्वती नसताना, झाडावर ओळखीचा रंग दिसला. त्या क्षणी चोच, पंख, कूळ कोण तपासत बसणार? नाव तोंडून निघून गेलं असेल. एकाच शब्दाचे देशोदेशी वेगळे अर्थ का, या प्रश्नाला घराची ओढ हे एक उत्तर आहे.

दुसरं उत्तर भूक. कॉर्न म्हणजे मुळात दाणा. ज्या मुलखात जे मुख्य पीक, तेच तिथलं कॉर्न. इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. बाहेरचं स्वस्त धान्य अडवणारे 1815चे कायदे ‘कॉर्न लॉज’ म्हणून ओळखले गेले आणि भाकरीच्या महागाईवर झालेल्या मोठ्या संघर्षानंतर 1846मध्ये रद्द झाले. त्या साऱ्या लढ्यात कॉर्न म्हणजे मका नव्हता. मक्याची गोष्ट समुद्रापलीकडची. 1620च्या शेवटी ‘मेफ्लॉवर’ जहाजातून 102 प्रवासी अमेरिकेत पोचले. पहिल्याच हिवाळ्यात थंडीनं, आजारानं जवळजवळ निम्मे गेले. वसंतात टिस्क्वांटम नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशानं उरलेल्यांना मका पेरायला शिकवलं, मुळाशी मासे घालून माती सकस कशी करायची तेही दाखवलं. त्या पिकावर वस्ती तगली. अशा वस्त्यांमधून मक्याला इंडियन कॉर्न म्हणू लागले, पुढे ‘इंडियन’ गळून पडलं आणि नुसतं कॉर्न उरलं. ज्यानं जगवलं, तेच धान्य.

कीट्सनं 1819मध्ये नाइटिंगेलवर लिहिलेल्या कवितेत बायबलमधली रूथ येते. परक्या मुलखातल्या कॉर्नमध्ये उभी राहून ती घराच्या आठवणीनं रडते. बायबलच्या कथेत ती सातू नि गव्हाच्या शेतात कणसं वेचते. अमेरिकेत आयोवाच्या मक्याच्या मुलखात वाढलेल्या मुलीनं ती कविता वाचली, तर तिच्या डोळ्यांपुढे डोक्याहून उंच मका डोलेल. मला त्यात काही बिघडलेलं दिसत नाही. रूथचं दुःख मक्याच्या पानांतही तेवढंच खरं वाटतं.

सगळेच अर्थ मात्र ओढीतून वा भुकेतून बदलत नाहीत. काहींच्या मागे भीती असते. सह्याद्रीच्या गडांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आपण पाहतो. शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांचं पाणी ओंजळीनं प्यालेल्यांना त्याची गोडी सांगायला नको. इंग्रजीतल्या टँकचं मूळ याच गुजराती-मराठी शब्दात आहे आणि त्याला पोर्तुगीज ‘टांके’चा हातभार लागला, असं कोशकार मानतात. हिंदुस्थानातल्या इंग्रजीत टँक म्हणजे तळं, तलाव. मुंबईत सी. पी. टँक आणि गोवालिया टँक ही नावं त्यातूनच आली. तळी बुजली, नावं राहिली. 8 ऑगस्ट 1942ला ‘छोडो भारत’ची हाक ज्या मैदानातून उठली, तेही गोवालिया टँकचंच. तिकडे पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लिंकन शहरात लोखंडी पट्ट्यांवर चालणारं एक नवं यंत्र गुपचूप तयार होत होतं. बातमी फुटू नये म्हणून ते पाणी वाहून नेणारं टाकं असल्याचं भासवलं गेलं. 15 सप्टेंबर 1916ला ते सॉमच्या रणभूमीवर उतरलं आणि टँक म्हणजे रणगाडा हा अर्थ जगभर पसरला. तहान भागवणाऱ्या शब्दाच्या आड मरण लपवलं गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दक्षिण आफ्रिकेत चौकातल्या सिग्नलला रोबो म्हणतात. हात दाखवणाऱ्या पोलिसाच्या जागी यंत्र आलं तेव्हा ते नाव त्याला चिकटलं. चेक लेखक कारेल चापेक यांच्या 1920च्या नाटकातून हा शब्द जगात आला होता. त्याच्या मुळाशी आहे वेठबिगारी. दिवसरात्र, ऊन-पाऊस न पाहता चौकात उभ्या असलेल्या दिव्याला ते नाव किती शोभतं!

म्हणून आपल्या माणसांना त्यांच्या इंग्रजीवरून ओशाळं होताना पाहिलं की जीव तुटतो. मुलाकडे अमेरिकेत गेलेले आजोबा ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणत एक जिना चढून जातात, कारण आपल्याकडे तळमजल्यानंतर पहिला मजला येतो, तिथं तळमजलाच पहिला. आजी चहाबरोबर बिस्किट मागते आणि समोर मऊ, लोणी लावलेला पाव येतो. नातवंडं हसतात. हसावं, पण आजी-आजोबांना चुकीचं ठरवू नये. त्यांचं इंग्रजी इथल्या चाळींत, कचेऱ्यांत, रेल्वेच्या डब्यांत वापरून वापरून मुरलेलं आहे. अमेरिकेचा मका जितका अस्सल, तितकंच आपलं चहात बुडवायचं बिस्किट अस्सल. शब्द बोटीतून उतरला की त्या गावचं पाणी पितो, तिथल्या गरजांना राबतो आणि तिथलाच होतो. त्याला परत जन्मगावच्या कोशात नेऊन उभं करण्याचा हक्क कुणाला आहे?

विदर्भातली सून कोकणात आली की स्वयंपाकघरात एक प्रश्न रोज ऐकू येतो: “तुमच्याकडे याला काय म्हणतात गं?” त्यात कुतूहल असतं, आदर असतो, आणि दोन्ही नावं एका घरात नांदू द्यायची तयारी असते. जगभर पसरलेल्या इंग्रजीलाही हाच प्रश्न विचारावा. लंडनच्या माणसानं मुंबईकराला, मुंबईकरानं न्यू जर्सीतल्या नातीला, नातीनं केपटाउनच्या मैत्रिणीला. उत्तरात नुसता अर्थ मिळणार नाही. त्या माणसाचे पूर्वज कशाला भुकेले होते, कशाला घाबरले होते, कुठलं घर आठवत होते, तेही कळेल.