चुका शोधणाऱ्यांची सोबत

मुक्त संगणकप्रणालीविषयी बोलताना ती विनामूल्य मिळते, एवढेच आपण बहुधा सांगतो. ती निर्दोष व्हावी म्हणून अनोळखी माणसे आपला वेळ देतात, ही गोष्ट मात्र मागे राहते. २०१० साली सुरू झालेला लिबरऑफिस हा असाच एक प्रकल्प. लेखन, हिशेब, सादरीकरण यांसाठी तो जगभर वापरला जातो. त्याचे मराठी रूपही उपलब्ध आहे. मोठी आवृत्ती येण्यापूर्वी तेथे स्वयंसेवकांसाठी चाचणीची सत्रे ठेवली जातात. प्रायोगिक आवृत्ती वापरून पाहायची आणि आढळलेला दोष कळवायचा, असे त्यांचे स्वरूप असते.

दोष कळवणे हे मुळात लेखन आहे. ‘चालत नाही’ या दोन शब्दांनी कोणाचेच भागत नाही. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या क्रमाने काय केले, काय घडायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले, हे नेमके लिहावे लागते. शिवाय काही दोष केवळ भाषा जाणणाऱ्यालाच दिसतात. ‘आचाऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ’ नीट उमटला नाही, तर त्याचे ‘आचार्यांना’ होते आणि स्वयंपाकी क्षणात गुरुपदाला पोहोचतो! मराठी न जाणणाऱ्या कुशल तंत्रज्ञालाही यात काही बिघडल्याचे कळणार नाही.

म्हणूनच मराठी चाचणीसाठी जमणारा आमचा लहानसा गट ओसरू लागला, तेव्हा मला चिंता वाटली. आरंभी खोली भरत असे. पुढे चार-पाच जुनीच माणसे उरली. नवे लोक येत नव्हते असे नाही. ते एकदा येत, कोपऱ्यात बसत आणि पुन्हा दिसत नसत. जाणकार आपापल्या पडद्यात गुंतलेले. नवख्याने विचारायचे तरी कोणाला?

गटातील एका निवृत्त टंकलेखिकेने यावर साधा उपाय सुचवला. प्रत्येक नवख्याशेजारी एका अनुभवी व्यक्तीने बसावे. पहिल्या दिवशी त्याला एकच लहान काम द्यावे. त्याने लिहिलेला अहवाल त्याच दिवशी दोघांनी मिळून वाचावा. ‘अशाने दोष कमी सापडतील,’ अशी हरकत काहींनी घेतली. ती खरीही ठरली. त्या दिवशी नोंदी निम्म्यावर आल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, “आज दोष कमी मिळाले, पण माणसे मिळाली.”

पुढच्या खेपेस त्या नवख्यांपैकी बरेच जण परतले. काही महिन्यांनी तेच इतरांच्या शेजारी बसू लागले. चहाच्या वेळी एकमेकांच्या गावांची, मुलांच्या परीक्षांची विचारपूस होऊ लागली. काम तेच होते. त्याला सोबत लाभली होती.

स्वयंसेवकाला वेतन नसते, हुद्दा नसतो. आपल्या कष्टाची कोणी दखल घेतली, एवढाच त्याचा मोबदला. मोठ्या आवाहनांनी माणसे एकदा जमतात. ती टिकतात ती शेजारी बसणाऱ्या एका माणसामुळे. संगणकाच्या पडद्यावर आपली भाषा शुद्ध दिसावी, असे आपल्याला वाटत असेल, तर तिच्यासाठी चुका शोधणाऱ्यांना एकटे ठेवून चालणार नाही.