काळा दिसला तरी गुलाबीच!

हमिंगबर्डचा फोटो म्हटलं की सगळे वेगाबद्दल बोलतात. पण खरी परीक्षा असते ती उजेडाची. हे पक्षी फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतच आढळतात. त्यामुळे मुलांकडे तिकडे जाणार असाल, तर पुढच्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

कॅलिफोर्नियात लेकीकडे असताना तिच्या बाल्कनीतल्या साखरपाण्याच्या फीडरवर ‘ॲना’ जातीचा हमिंगबर्ड यायचा. लांबी जेमतेम 10 सेंटिमीटर, वजन चार-पाच ग्रॅम. नराचा गळा आणि डोकं झगझगीत गुलाबी. इंदूरहून माझी 84 वर्षांची आई रोज फोनवर विचारायची, “आला होता का गं तुझा पाहुणा?” तिला आता प्रवास झेपत नाही, नजरही अधू झाली आहे. तिला तो दिसणार होता तो माझ्या फोटोतूनच. म्हणून एक्सपोजर माझ्यासाठी नुसता कॅमेऱ्यातला आकडा नव्हता.

कॅमेरा सहसा समोरच्या उजेडाची सरासरी काढतो आणि चित्र मध्यम छटेवर आणतो. मागे लख्ख आकाश असेल, तर तो सगळंच गडद करतो आणि पक्षी काळा ठिपका होतो. अशा वेळी एक्सपोजर मुद्दाम वाढवायचं, +1 किंवा थोडं अधिक. मागे गर्द झाड असेल तर उलट, थोडं कमी करायचं. हमिंगबर्ड पुन्हा पुन्हा त्याच फुलावर, त्याच फीडरवर येतो. त्यामुळे तयारी आधीच करता येते. बऱ्याच फोनमध्ये त्या जागेवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं. मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करा.

तरीही गळा काळाच दिसला तर? इथे उजेड वाढवून उपयोग नाही. तो गुलाबी रंग रंगद्रव्याचा नसतो. मोरपिसासारखाच तो पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतल्यामुळे दिसतो. सूर्य तुमच्या पाठीशी हवा आणि पक्ष्याने तोंड तुमच्याकडे वळवायला हवं. तेवढ्या क्षणापुरता गळा निखाऱ्यासारखा पेटतो. एक्सपोजर वाढवलंत तर बाकीचा पक्षी पांढुरका होईल, गळा मात्र काळाच राहील. तेव्हा आपली जागा बदला, नाहीतर वाट पाहा.

राहिले पंख. एका जागी तरंगताना ते सेकंदाला 40 वेळा तरी हलतात. शटर 1/2000 किंवा त्याहून जलद ठेवलं तर ते जवळजवळ थांबलेले दिसतात. पण उजेड कमी आत येतो, म्हणून भर उन्हाची वेळ निवडावी लागते किंवा आयएसओ वाढवावा लागतो. असा एक नेटका फोटो मी आईला पाठवला. ती म्हणाली, “छान आहे. खेळण्यातला आहे का?”

दुसऱ्या दिवशी शटर 1/500 वर आणलं. अंग स्पष्ट, पंखांच्या जागी मात्र नुसतं धुकं. फोन डोळ्यांजवळ धरून आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “थरथरतोय गं!”

म्हणून मी सांगेन, फोटो कोण बघणार आहे ते आधी ठरवा. पंखांची पिसं मोजायची असतील तर जलद शटर, उडणं दाखवायचं असेल तर थोडं संथ.

अमेरिकेला जायचं नसेल तरी बिघडत नाही. आपल्या जास्वंदीवर येणारा जांभळा शिंजीर हमिंगबर्डचा नातेवाईक नाही, पण विणीच्या हंगामातला त्याचा नर सावलीत असाच काळाकुट्ट दिसतो. सकाळचं कोवळं ऊन पाठीवर घ्या, घरट्यापासून लांब थांबा आणि तो वळेपर्यंत धीर धरा. मग बघा, त्या काळ्यातून कशी निळी-जांभळी झळाळी उमटते!