भर समुद्रात बंब येत नाही

माझ्याकडे रक्तदाब तपासून घेण्यासाठी नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ नियमितपणे येतात. युद्धनौकेवर ते आचारी होते. "म्हणजे आणीबाणीच्या सरावांशी तुमचा फारसा संबंध येत नसेल," असे मी एकदा सहज म्हणालो. ते हसले. "डॉक्टरसाहेब, भर समुद्रात आगीचा बंब कुठून येणार? जहाजावर प्रत्येक जण आधी आग विझवणारा, मग आचारी नाहीतर कारकून."

आपल्या नौदलातील नाविकांचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशात, चिलिका सरोवराच्या काठी 'आयएनएस चिल्का' येथे होते. जहाजावरील आग आणि आत शिरणारे पाणी यांना तोंड देण्याचे खास शिक्षण लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी' या १९४५पासूनच्या केंद्रात मिळते. तेथे जहाजाच्या कप्प्यासारखी रचना केलेली आहे. ती लाटांवर असल्यासारखी डोलते आणि भिंतींतील भोकांतून पाण्याचे लोट आत येतात. लाकडी बुचे व पाचरी ठोकून ती भोके बुजवायची, खचू पाहणाऱ्या भिंतीला टेकू द्यायचे. आगीच्या सरावात श्वसनयंत्र लावून धुराने भरलेल्या कप्प्यात शिरायचे, दारे मिटून आगीची हवा तोडायची आणि शेजारच्या भिंतींवर पाणी मारून ती पसरू द्यायची नाही. हे एकदा शिकून भागत नाही. समुद्रावर असतानाही सरावाचा इशारा होतो, जो तो आपल्या नेमून दिलेल्या जागी धावतो आणि शेवटी चुकांची उजळणी होते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. संकटात ॲड्रेनलिन उसळते, नाडी धावते, हात थरथरतात, विचार एकाच गोष्टीवर खिळून राहतो. अशा वेळी वाचलेले आठवेलच असे नाही. हातांना लागलेले वळण मात्र कामास येते.

हे ऐकताना मला माझे थोरले बंधू आठवत होते. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी चहा घेता घेता ते कोसळले. घरातल्यांनी मला दवाखान्यात फोन केला. मी पोहोचेपर्यंत बारा मिनिटे गेली होती. हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूची हानी सुरू होते. त्यांच्याभोवती चार सुशिक्षित माणसे उभी होती आणि त्यांतील दोघांनी याच विषयावरचे माझे व्याख्यान ऐकले होते. तरीही त्यांच्या छातीवर कोणी दाब दिला नव्हता. त्यांना दोष कसा देऊ? फोनवर "छातीवर दाब द्या" असे सांगण्याऐवजी मीही "आलोच" एवढेच म्हणून धावत सुटलो होतो. दाब दिला असता तर ते वाचलेच असते, असे नाही. पण ती संधी आम्ही त्यांना दिली नाही.

त्या संभाषणानंतर आमच्या घरी दर तीन महिन्यांनी एका रविवारी अर्धा तास सराव होतो. एक जण, फोन प्रत्यक्ष न लावता, १०८ला पत्ता सांगण्याची तालीम करतो. दुसरा दार उघडून लिफ्टपाशी जाऊन थांबतो. तिसरा जाड उशीवर, कोपर न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० या गतीने सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देतो. जागा छातीच्या मध्यभागाची. धडधाकट माणसाच्या छातीवर हा सराव कधीही करू नये. मग प्रत्येकाने डोळे मिटून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून दाखवायचा. भाजल्यास ती जागा वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायची, हेही हातानेच शिकायचे.

पहिल्या रविवारी मुले हसली. पत्ता सांगताना माझाच पुतण्या इमारतीचे नाव विसरला. वहिनी मात्र हसल्या नाहीत. उशीपुढे गुडघे टेकून त्यांनी पूर्ण दोन मिनिटे, एकदाही न थांबता दाब दिले. उठल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "भावजी, पुन्हा कधी करायचे?"

वाचकहो, येत्या रविवारी आपल्याही घरातील एक जाड उशी जमिनीवर ठेवा.