मर

आमच्याकडं पोरगं डॉक्टर झालं की पुढचं ठरलेलंच असतं. तालुक्याच्या गावी रोडला लागून गाळा घ्यायचा, पाटी लावायची, शेजारी मेडिकल. माझ्या धाकटीनं नांदेडच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, पुढं डोळ्याची एमएस झाली आणि पाटी न लावता संशोधनाला लागली. महिन्याला बांधीव फेलोशिप, तीही कधी वेळेवर, कधी उशिरा. पारावर लोक विचारायचे, "गुरुजी, पोरगी दवाखाना कवा टाकायली?"

डोळ्याचा डॉक्टर म्हटलं की आमच्या भागात एकच नाव निघतं, तात्याराव लहाने. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचा माणूस. १९९५ साली आई अंजनाबाईंनी किडनी दिली, त्यानंतर जे.जे.त त्यांनी मोतीबिंदूची हजारो ऑपरेशनं केली, २००८ ला पद्मश्री मिळाली. लोक म्हणायचे, तिनं तसं करावं.

पण मोतीबिंदू काढून माझ्या थोरल्या भावाचा डोळा परत येणार नव्हता. ऊस तोडताना पाचटाचं पान डोळ्याला चाटून गेलं. आधी मध घातला, मग कुणीतरी दिलेले थेंब. लाली उतरली, बरं वाटलं. आतून मात्र जखम चिघळली. महिन्यात बुबुळावर पांढरं फूल पडलं.

त्या थेंबात स्टेरॉईड असावं, असं धाकटी म्हणाली. बुरशीच्या जखमेत ते घातलं की लाली जाते अन् बुरशी फोफावते. ती जखमेची खरवड काचेवर घेते, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधते.

"कसली बुरशी गं?" मी विचारलं.

"बऱ्याचदा फ्युजेरियम, आबा. तुमच्या तुरीवर मर आणती ना, तिचीच भावकी."

तिथं मला तिचं काम कळलं. मर लागली की हिरवी तूर उभ्यानं वाळते. फवारा मारून काही होत नाही. मग बदनापूरच्या केंद्रातून बीडीएन ७११ आली, मरीला दाद न देणारी. तिच्यामागं किती वर्षं कुणी रोगट जमिनीत ओळी लावल्या असतील, झाडं मोजली असतील! त्या माणसांनाही गावानं विचारलंच असेल, पिकवता काय म्हणून.

धाकटीनं मग दोन गोष्टी सांगितल्या. दक्षिणेतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर दोन औषधं ताडून पाहिली. २०१३ साली निकाल छापून आला: महागड्या नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा जुनं नॅटामायसिनच सरस, फ्युजेरियमवर तर जास्तच. दुसरी नेपाळातल्या भक्तपूरची. तिथं गावच्या स्वयंसेवकांनी डोळ्याला खरचटलेल्यांना तीन दिवस साधं क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिलं. १८ तासांच्या आत ज्यांनी सुरू केलं, त्यांच्यात एकाचीही जखम चिघळली नाही. हे २००१ मध्ये छापून आलंय.

भाऊ शेजारीच बसला होता. म्हणाला, "माझा डोळा येईल का?"

"नवं बुबुळ बसवून बघता येईल, मोठे आबा. पण बुबुळ देणारं कुणीतरी मरताना डोळे देऊन गेलं पाहिजे. आणि पहिल्यासारखं दिसंलच, असं नाही सांगता येत."

तो गप्प बसला. जरा वेळानं म्हणाला, "औंदा टोळी येईल तवा ते मलमाचं मुकादमाला सांगून ठेव. पाचट लागलं की त्याच दिवशी दवाखाना, म्हणावं."