टिपण कोणाचे, स्मरण कोणाचे?

मराठीच्या अध्यापकाची खरी मिळकत म्हणजे त्याची टिपणे. पुस्तके ग्रंथालयातही मिळतात. पण एखादा उतारा वर्गात शिकवताना कोणता प्रश्न निघाला, कोणता अर्थ पहिल्या वर्षी पटला आणि दहाव्या वर्षी पटेनासा झाला, हे फक्त टिपणांच्या वहीत आणि पुस्तकाच्या समासात नोंदलेले असते. अध्यापक निवृत्त झाला की कपाट रिकामे करावे लागते, आणि पुष्कळदा ही मिळकत रद्दीत जाते. आमच्या विभागात ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणतात, त्या ज्येष्ठ अध्यापकांनी निवृत्त होताना जवळजवळ तीस वर्षांची टिपणे आम्हां दोघांच्या स्वाधीन केली. त्यांत प्राचीन मराठी गद्यावरची, विशेषतः 'लीळाचरित्रा'वरची टिपणे सर्वांत अधिक. त्यांचा एक कायमस्वरूपी संग्रह संगणकावर उभा करावा आणि एखाद्या एआय सहायकाला तो वाचता येईल अशी व्यवस्था करावी, या कामात आम्ही गेले वर्षभर आहोत. त्या कामातून जो प्रश्न पुढे आला, तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावासा वाटतो.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. अशा सहायकाशी आपण तासभर बोललो म्हणून तो आपल्याकडून काही शिकतो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ज्या प्रारूपावर तो चालतो ते संवादाने बदलत नाही. नवा संवाद कोऱ्या पाटीवरच सुरू होतो. त्याला आपली 'आठवण' आहे असे जेव्हा भासते, तेव्हा पूर्वी कोठेतरी साठवलेला मजकूर उत्तरापूर्वी त्याच्यासमोर ठेवलेला असतो, इतकेच. एका वेळी त्याच्यासमोर किती मजकूर मावेल यालाही मर्यादा असते. म्हणून सारा संग्रह न देता प्रश्नाशी जुळणारी टिपणे शोधून तेवढीच पुढे करावी लागतात. याचा अर्थ असा की, यंत्राची स्मृती म्हणजे अखेर आपण लिहून ठेवलेला मजकूरच. तो जसा लिहिला असेल, तशीच त्याची आठवण.

ही कल्पना नवी नाही. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने १९४५ साली एका लेखात 'मेमेक्स' नावाच्या यंत्राची कल्पना मांडली होती: माणसाने आपले सारे वाचन त्यात साठवावे आणि एका नोंदीतून दुसरीकडे जाणाऱ्या वाटा स्वतः पाडाव्यात. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी तर कोणत्याही यंत्रावाचून सुमारे ९०,००० टिपणपत्रिकांचा संग्रह उभा केला, आणि १९८१ साली त्यावर लिहिताना त्या पेटीला संवादातील जोडीदार मानले. मात्र बुशच्या वाटा वाचणाऱ्यानेच पाडायच्या होत्या आणि लुमान यांची प्रत्येक पत्रिका त्यांची स्वतःची होती. आमच्यापुढचा प्रसंग निराळा आहे. टिपणे एकाची, संग्रह करणारे दुसरे, विचारणारे विद्यार्थी तिसरे, आणि उत्तर देणारे यंत्र चौथे.

कामाची बाह्य बाजू कंटाळवाणी आहे, पण सांगितली पाहिजे. आम्ही सर्व मजकूर साध्या फाइलींत ठेवतो. कारण आजचा सहायक उद्या बदलेल, साधी फाइल मात्र कोठेही उघडेल. सरांचे हस्ताक्षर यंत्राला भरवशाने वाचता येत नाही, म्हणून टिपणे हातानेच टंकावी लागली. त्यांच्या जुन्या संगणकावरचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होता. तो रूपांतरित करून ओळन्ओळ तपासला. आणखी एक बारीक अडचण: 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण अक्षरे जुळवून शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि समोर असलेले टिपण सापडत नाही. सबंध संग्रहातील लेखन एकसारखे करण्यात एक मोठी सुटी गेली. असो.

खरी अडचण त्यानंतर दिसली. 'लीळाचरित्रा'तील पाठभेदांविषयी सरांची दोन टिपणे आहेत. पहिल्यात, १९८८ साली, त्यांनी पाठभेद हे मुख्यतः नकलाकारांच्या हातून झालेले दोष मानले आहेत. दुसरे २००३ सालचे. त्यात जुने मत खोडून त्यांनी लिहिले आहे की, पुष्कळ भेद हे वेगवेगळ्या श्रोत्यांच्या आठवणींतले भेद असावेत. आणि पुढे प्रश्नचिन्ह. सहायकाला सारांश करावयास सांगितले, तेव्हा त्याने दोन्हींचे मिळून एक गुळगुळीत वाक्य केले: पाठभेदांची कारणे अनेक असून त्यांत नकलाकारांचे दोष व श्रोत्यांच्या आठवणी यांचा समावेश होतो. या वाक्यात चूक काहीच नाही. परंतु एका अभ्यासकाने पंधरा वर्षे शिकवून, पुन्हा वाचून आपले मत मोडले, ही घटना त्यातून नाहीशी झाली. प्रश्नचिन्हही गेले. उरली ती केवळ माहिती.

या पेचातून वाट दाखवली ती त्याच ग्रंथाने. 'लीळाचरित्र' हाही एक स्मरणसंग्रहच आहे. श्रीचक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या, त्यांना गाठून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली आणि पुढे अनुयायांनी स्मरणावरून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे परंपरा सांगते. त्यामुळेच त्याचे निरनिराळे पाठ झाले. या परंपरेने भिन्न आठवणींची सरासरी काढली नाही. एखादी गोष्ट दुसऱ्या कोणाला वेगळी आठवत असेल, तर ती त्याची 'वासना' म्हणून नोंदवली. आजच्या मराठीत हा शब्द उच्चारला की वर्गात हसू फुटते. महानुभावांच्या लेखी मात्र त्याचा अर्थ स्मरण असा आहे. आठवण आणि आठवणाऱ्याचे नाव यांची ताटातूट होऊ द्यायची नाही, हा त्यामागचा विवेक.

तो विवेक आम्ही आमच्या संग्रहाला लावला. आता प्रत्येक फाइलीत चार भाग वेगळे असतात: मूळ टिपण, खाडाखोडीसह, टिपणाचे वर्ष, आमची पुरवणी, आमच्या नावाने, आणि 'वासना' या मथळ्याखाली इतरांची मते, ज्याच्या त्याच्या नावाने. सहायकाने सुचवलेल्या जोडण्या आणि तर्क यांच्यासाठी फोल्डरच निराळा आहे. आमच्यापैकी एकाने वाचून मान्य केल्याशिवाय त्यातले काहीही मुख्य संग्रहात येत नाही. सूचनांच्या फाइलीत आम्ही लिहून ठेवले आहे की, दोन मते परस्परविरोधी असतील तर ती वर्षांसह वेगळी सांगावीत, मिसळू नयेत. आणि संग्रहात जे नाही त्याविषयी 'टिपणांत नाही' एवढेच म्हणावे. या सूचना तो दर वेळी पाळतोच असे नाही. म्हणून उत्तराबरोबर मूळ टिपणाचा क्रमांक मागण्याची सवय आम्ही विद्यार्थ्यांना लावतो. विद्यार्थ्यांविषयी सरांनी केलेल्या खासगी नोंदी मात्र संग्रहात घेतल्याच नाहीत. त्या एका माणसाच्या विश्वासाने लिहिल्या गेल्या होत्या.

एका विद्यार्थिनीने विचारले, "सर जसे बोलायचे तसेच याला बोलायला लावता येईल का?" तंत्रदृष्ट्या ते अवघड नाही. सरांनी ऐकून स्मित केले आणि निर्णय आमच्यावर सोपवला. आम्ही नकार दिला. सरांच्या लकबीत बोलणारे यंत्र सरांनी कधीच न मांडलेली मतेही त्याच खात्रीने मांडील, आणि ऐकणाऱ्याला दोहोंतील फरक कळण्याचा मार्ग उरणार नाही. 'सरांनी २००३ साली असे लिहिले आहे' हे वाक्य रूक्ष खरे, पण त्याला पुरावा आहे. 'मला असे वाटते' हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार ज्याला वाटले त्याचाच.

आमचे काही सहकारी म्हणतात की, सारे इतके सहज हाती येऊ लागले तर विद्यार्थी टिपणे काढणेच सोडतील. ही भीती खोटी नाही. टिपण काढताना जे वगळावे लागते, त्या वगळण्यातच वाचकाचे मत घडते, आणि ते काम त्याच्याऐवजी कोणी करून चालत नाही. म्हणून एम. ए.च्या वर्गासाठी आम्ही एक अट घातली आहे: संग्रहाला प्रश्न विचारण्यापूर्वी त्या लीळेवर स्वतःचे एक टिपण लिहायचे, हाताने, नाव आणि तारखेसह. काही जणांची टिपणे दोन ओळींची असतात, काहींची उसनी. पण गेल्या सत्रात त्याच विद्यार्थिनीने सरांच्या २००३च्या मताविरुद्ध दीड पान लिहिले. ते आम्ही 'वासना' या मथळ्याखाली तिच्या नावाने घातले आहे. सरांच्या प्रश्नचिन्हाला आलेले हे पहिले उत्तर. बरोबर की चूक, हे अजून ठरायचे आहे.