थेट वंशज

मराठी माणूस पूर्वज शोधायला निघाला, की तो पूर्वज हटकून १७६१ च्या पानिपतावर सापडतो. सापडतो तोही भाऊसाहेबांच्या अगदी शेजारी. त्या पूर्वजाची बायको मात्र कुठंच सापडत नाही. कुलवृत्तान्त उघडावा, तर नवऱ्याच्या नावापुढं एवढंच: भार्या अमुक, माहेर तमुक. मुलगे झाले असतील तर त्यांच्या निमित्तानं तिला आणखी अर्धी ओळ मिळते.

म्हणूनच आमच्या शेजारचे जोशी कुलवृत्तान्ताचा ठोकळा काखोटीला मारून आले आणि "आम्ही डॉक्टर आनंदीबाई जोशांचे थेट वंशज," असं म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं. निदान एक गृहस्थ तरी बाईपासून सुरुवात करत होते. न्यू जर्सीतल्या नातवाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितलाय आणि तिथल्या मास्तरणीला पानिपत माहीत नाही, हे खरं कारण मागाहून कळलं.

"कुठल्या बाजूनं वंशज?" मी विचारलं.

"म्हणजे काय? जोशांच्या!"

आता बाईंच्या दोन्ही बाजू जोशीच. कल्याणच्या जोशांची यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशांची आनंदी झाली. नाव गेलं, गोत्र गेलं, आडनाव तेवढं वाचलं. पण त्याचा शोधणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. जोशी हे आडनाव मुळात धंद्यावरून पडलेलं. पंचांग सांगणारा तो जोशी, गावोगाव निराळा. एवढ्यावर नातं जोडायचं, तर महाराष्ट्रातले सगळे पाटील सख्खे भाऊ ठरतील.

जोशांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटायला सुरुवात केली. अर्धा तास झाला, दोन चहा झाले. शेवटी मला बोलावंच लागलं.

"अहो जोशी, त्यांना थेट वंशज असणारच नाहीत. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. त्याला नीट औषधपाणी मिळालं नाही, हेच तर त्या पोरीनं मनाला लावून घेतलं आणि डॉक्टर व्हायचं ठरवलं."

जोशांचं बोट पानावरच राहिलं. "म्हणजे बाईंचं पुढं कोणीच नाही?"

तसं म्हणता यायचं नाही. बायकोच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं. १८८० च्या सुमारास न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते वाचलं आणि तेही कुठं, तर दातांच्या डॉक्टरकडं, नंबर लागायची वाट बघत. (आमच्या दातांच्या डॉक्टरकडं फक्त किडलेल्या दाढांची चित्रं असतात. तिथं नवी नाती जुळत नाहीत.) पत्रापत्री सुरू झाली आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ साली कलकत्त्याला बोटीत बसून त्या गेल्या, ते या मावशीच्याच भरवशावर.

११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून त्या एम. डी. झाल्या. माहेरच्या मायेचं कुणीतरी हवं, तर नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून येऊन हजर! पुढं वर्ष पुरं व्हायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात क्षयानं त्या गेल्या. वय एकवीस. बाईंची रक्षा गोपाळरावांनी पाठवली ती अमेरिकेतल्या मावशीकडं. न्यू यॉर्क राज्यात पकिप्सी म्हणून गाव आहे. तिथल्या दफनभूमीत मावशीनं आपल्या घराण्याच्या जागेत तिला जागा दिली. दगडावर नाव आहे, पुढं एम. डी. आहे.

जोशी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी ठोकळा मिटला.

"नातवापासून हे गाव किती लांब?"

"मोटारीनं दोनेक तास."

"मग रविवारी पाठवतो त्याला," जोशी उठत म्हणाले. दारापर्यंत गेले आणि थबकले. "काय हो, तिकडं अबोली मिळत असेल का?"